इमो, अजून एक!

(दृश्य: सोल. ग्वांगजांग बाजार. तव्यावर चरचरणारी धिरडी.)

1905 साली सुरू झालेल्या या बाजारात दुपारी टेकायला जागा मिळाली तर नशीब. बाकावर अनोळखी माणसं खेटून बसलेली. समोर विजेवर फिरणारं दगडी जातं, त्यातून भिजवलेल्या मुगाचं पीठ ओघळतंय. त्याचं हे जाडजूड धिरडं, बिन्देत्तॉक, तेलात जवळजवळ पोहतंय. शेजारचा तरुण हात वर करतो, "इमो!"

इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. ही बाई त्याची कुणीच लागत नाही. आपणही भाजीवालीला, दवाखान्यातल्या आयाबाईंना मावशीच म्हणतो, आत्या कुणी म्हणत नाही. कोरियनमध्ये आत्याला 'कोमो' असा वेगळा शब्द आहे, पण धिरडं मागायला तो चालत नाही.

म्हणून मराठी माणसाला कोरियन नाती शिकताना पहिले दोन दिवस सोपे जातात. 'आमची आई' म्हणायची खोडही तीच: 'उरी ऑम्मा'. एकुलता एक मुलगासुद्धा आईला 'आमची'च म्हणतो.

तिसऱ्या दिवशी मोठा भाऊ येतो आणि गाडी अडते.

आपला दादा तो दादाच, हाक बहिणीची असो की भावाची. इथे बहीण म्हणते 'ओप्पा', भाऊ म्हणतो 'ह्यॉंग'. ताईला धाकटी बहीण म्हणते 'ऑन्नी', धाकटा भाऊ 'नुना'. म्हणजे आधी हाक मारणारा कोण, ते बघायचं. मालिका बघून कोरियन शिकलेला मुलगा मित्राच्या थोरल्या भावाला ओप्पा म्हणाला, की जेवणाच्या टेबलावर हशा पिकलाच समजा. धाकट्या भावंडांना मात्र एकच शब्द, 'तोंगसेंग', आणि हाक मारायची ती सरळ नावाने. थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

काकांपाशी गणित सुरू होतं. 'सामचोन', शब्दशः तीन चोन. चोन म्हणजे नात्यातलं अंतर. आईवडील एका चोनावर, भावंडं दोन, काका तीन, चुलत भाऊ चार, म्हणून तो 'साचोन'. नवरा-बायको? शून्य.

मामा 'वेसामचोन'. आईची आई 'वेहाल्मॉनी'. यातल्या 'वे'चा अर्थ बाहेरचा. आजोळच्या आजीला बाहेरची आजी! मला हे लिहून घेताना पेन जरा थांबवावं लागलं.

सुनांची तक्रार याहून जुनी आहे. नवऱ्याच्या धाकट्या, बिनलग्नाच्या भावाला 'दोर्यॉन्निम' म्हणायचं, म्हणजे छोटे मालक. बायकोचा भाऊ नुसता 'छॉनाम', मान-बिन काही नाही. 'वन्सं' म्हणत संसार केलेल्या आपल्या आज्यांना हे लगेच कळलं असतं. 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने मार्गदर्शिका काढली, आणि दिराला नावापुढे 'शी' लावून हाक मारली तरी चालेल, असं सुचवलं. हा 'शी' साधारण आपला 'राव'. घरोघरी ते रुळलं असेल असं मात्र समजू नका, सासूबाई अजून जेवायला समोरच बसतात.

(दृश्य: पुन्हा बाजार.)

धिरडं उलटलं जातं. पलीकडच्या गाळ्यावरच्या बाईंचा कांदा संपलाय. त्या मान वळवून आमच्या इमोला हाक मारतात, "ऑन्नी!"