माध्यमिक शिक्षकाची उमेद कशावर टिकते?

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. तास संपल्याची घंटा. एका वर्गातून निघून दुसऱ्या वर्गाकडे चाललेले शिक्षक.)

माध्यमिक शाळेतला शिक्षक दिवसात अनेक वर्गांवर जातो, एकच धडा दोन-तीन तुकड्यांना शिकवतो. प्राथमिकच्या बाईंना मूल वाचायला लागलेलं डोळ्यांसमोर दिसतं. इथे मूल एका तासापुरतं भेटतं आणि पुढच्या विषयाकडे जातं. वर्षाअखेरीस त्याला चांगले गुण पडले तरी ते नेमके कोणामुळे, कसं सांगणार? आपल्या शिकवण्याचं पुढे काय झालं हेच नीट कळत नाही. माझ्या मते या नोकरीतला थकवा बऱ्याचदा तिथेच सुरू होतो.

पगार पुरेसा हवा आणि वेळेवर हवा, यात वाद नाही. पण चांगल्या कामाला वर पैसे दिले तर?

अमेरिकेतल्या नॅशविल शहरात २००६ ते २००९ या काळात हे करून पाहिलं गेलं. पाचवी ते आठवीच्या गणित शिक्षकांना, विद्यार्थ्यांची प्रगती झाल्यास, वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत बोनस मिळणार होता. बोनसची संधी असलेल्या आणि नसलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत एकंदरीत फरक दिसला नाही. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत मात्र बोनसने गुण वाढले. म्हणजे पैसा निरुपयोगी नाही. पण तेवढ्यावर शिकवणं सुधारेल, याची खात्री देता येत नाही.

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली अमेरिकी शिक्षकांबद्दल लिहिलं, की त्यांचं सर्वांत मोठं समाधान विद्यार्थ्यांपर्यंत पोचल्याच्या जाणिवेत असतं. आणि माध्यमिक शाळेत ती जाणीवच दुर्मीळ!

(दृश्य: गणिताचा तास. मागच्या बाकावर बसून टिपणं घेणारे मुख्याध्यापक.)

इथे मुख्याध्यापकांच्या हातात खूप काही आहे. ‘छान शिकवता’ एवढं म्हणून भागत नाही. ‘तुम्ही त्या मुलीचं चुकलेलं समीकरण फळ्यावर घेतलंत, आणि कधीच न बोलणारी मुलं बोलायला लागली,’ हे ऐकलेला शिक्षक पुढच्या वेळी चुका मुद्दाम फळ्यावर घेईल. नेमकं काय केल्याने मुलांना समजलं, ते त्याला कळलेलं असतं. कौतुकाने काम सुधारतं ते असं. पण त्यासाठी वर्गात बसावं लागतं, आणि तपासणीचा तक्ता भरायला आलेला माणूस हे पाहू शकत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते माणसाला आतून काम करावंसं वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवण्याची मोकळीक, जमतंय ही भावना, आणि सोबत्यांशी नातं. शाळेत त्या वेळापत्रकातच दिसतात. धड्यांचा क्रम शिक्षकाने ठरवावा. एकाच विषयाच्या शिक्षकांना आठवड्यात एक ऑफ तास एकत्र मिळावा आणि तो बदली तासात जाऊ नये.

(दृश्य: शिक्षककक्ष. एकाच टेबलावर वह्यांचे उंच ढीग.)

एक धोका मात्र आहे. चांगल्या शिक्षकाला बक्षीस म्हणून ‘जबाबदारी’ दिली जाते: स्नेहसंमेलन, परीक्षा विभाग, सहल, सगळं त्याच्याच माथी. हा सन्मान नाही, ही कामाची भर आहे. नवी जबाबदारी द्यायची असेल तर त्याचे तास कमी करा, निर्णयाचा अधिकार द्या, आणि ती त्याला हवी आहे का, हे आधी विचारा.