चार बोटांची जागा

[दृश्य: चतुःशृंगीचा पायथा, नवरात्रातली संध्याकाळ. आकाशपाळण्याचे दिवे, पिपाण्यांचा आवाज.]

नवरात्रात चतुःशृंगीच्या पायथ्याशी उभं राहिलं की वर देवीच्या दर्शनाची रांग दिसते आणि खाली पाळण्यांची. गेल्या नवरात्रात मी या खालच्या रांगेशेजारी तीन संध्याकाळी उभी होते. पाळण्यात बसायला नाही, माणसं कशी बसतात ते बघायला.

आई एका कडेला, बाबा दुसऱ्या कडेला आणि मध्ये पिल्लू. पर्स पोटाशी धरलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला. चालवणारा दादा येतो, दांडा खाली ओढतो, खटका लावतो आणि पुढच्या बाकड्याकडे जातो. दांडा बाबांच्या पोटाला टेकून थांबलेला असतो. मधल्या पिल्लाच्या मांडीपासून तो चार बोटं वर असतो.

त्या चार बोटांच्या जागेवर मी गेले आठ महिने काम करते आहे.

[दृश्य: भोसरी एमआयडीसी. शेडचं शटर वर जातं. लेथचा आवाज.]

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात मेकॅनिकल घेतलं की पुढची वाट साधारण ठरलेली असते. कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये शिरायचं, रात्री जागून गाडी उभी करायची आणि मग चाकणला नोकरी. माझे जिवाभावाचे मित्र त्याच वाटेवर आहेत आणि त्यांच्या गाडीची वेल्डिंग बघायला मीही जाते. इंटर्नशिपसाठी मात्र मी भोसरीतली ही शेड निवडली. इथे बागांसाठी आणि लहान पार्कांसाठी राइड्स बनतात. सध्या इथे एक छोटा फॅमिली रोलर कोस्टर तयार होतो आहे. त्यातला माझा भाग एवढाच: सीटवरचा लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा, आणि त्याला धरून ठेवणारा खटका.

हे काम का घेतलं, तेही सांगते. मी नऊ वर्षांची असताना आजोळच्या जत्रेत आम्ही एका पाळण्यात बसलो होतो. आई, मी आणि मध्ये धाकटा भाऊ. पाळणा वरून खाली यायला लागला तसा भाऊ दांड्याखालून पुढे सरकला. आईने त्याचा शर्ट मुठीत धरला आणि पाळणा थांबेपर्यंत सोडला नाही. खाली उतरल्यावर तिच्या बोटांचे वळ शर्टावर तसेच होते. कुणी आरडाओरडा केला नाही. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. पण दांडा लागलेला असूनही भावाला धरायला आईच का लागली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

[दृश्य: पेशवे पार्क, फुलराणी.]

पुण्यातल्या कितीतरी मुलांची पहिली राइड म्हणजे पेशवे पार्कातली ही फुलराणी. १९५६ साली ती सुरू झाली. हळूहळू जाते, वळते, परत येते. तिच्यात कुणाला बांधून ठेवावं लागत नाही, कारण तिच्या चालीत माणूस जागचा उठतच नाही.

राइड डिझाइनमध्ये पहिला प्रश्न हाच असतो: माणूस जागचा उठेल का, आणि कुठल्या दिशेला? एएसटीएम या अमेरिकन संस्थेच्या एफ२२९१ या मानकात त्याचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात धरून ठेवायला काहीच लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात दोघातिघांना मिळून एक दांडा चालतो. चौथ्यापासून मात्र प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा आधार द्यावा लागतो. कुठली राइड कुठल्या वर्गात, हे मुख्यतः शरीरावर येणाऱ्या बलावरून ठरतं. पहिल्या महिन्यात मी बाकी काही केलं नाही, हे मानकच वाचत बसले होते. एकेका वाक्यामागे कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी पडलेलं आहे, असं वाटत राहायचं.

[दृश्य: फळ्यावर खडूने काढलेला उंचवटा.]

आमच्या कोस्टरवर एक उंचवटा आहे. माथ्यावर गाडीचा वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटर. गल्लीतून स्कूटर जाते तेवढा. बसलेल्या माणसाची छाती ज्या वाटेने जाते त्या वाटेची त्रिज्या ५ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की १२.८ येतात. पृथ्वी आपल्याला खाली ओढते ती ९.८ ने. म्हणजे ३ कमी पडतात, आणि ते ३ दांड्याने पुरवायचे. १५ किलोच्या मुलासाठी ही ओढ ४५ न्यूटन, साधारण साडेचार किलो वजनाएवढी. साडेचार लिटर पाण्याने भरलेली कळशी कुणीतरी उलट्या बाजूला, आभाळाकडे टांगली आहे असं समजा. दांडा मांडीला टेकलेला असेल तर मूल खुदकन हसतं. तो चार बोटं वर असेल तर मूल आधी उठतं आणि मग दांड्यावर आपटतं, नाहीतर खालून निसटतं.

गाडीचंही असंच आहे, आणि तिचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला. रुळाच्या वर एक चाक, बाजूला एक आणि रुळाच्या खालून धरणारं एक. त्या खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ मध्ये घेतलं. तेव्हापासून गाडी उंचवट्यावरून बिनधास्त जाऊ लागली.

शरीराकडे लक्ष जायला जास्त वेळ लागला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर गाडीला पूर्ण उलटी फिरवणारी एक राइड होती. तिचं वेटोळं अगदी गोल होतं, आणि त्यात लोकांच्या माना दुखावायच्या. बारावीचं फिजिक्स आठवा: माथ्यावर जेमतेम टिकायचं म्हटलं तरी गोल वेटोळ्याच्या तळाशी आपल्याला स्वतःच्या सहापट वजन जाणवतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरसाठी जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगल यांनी वेटोळ्याला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. तळाशी मोठी त्रिज्या, माथ्याशी लहान. मला त्या आकाराचं फार अप्रूप आहे. तो कुणाला सुंदर दिसावा म्हणून काढलेला नाही, आत बसलेल्या माणसाच्या मानेसाठी काढलेला आहे.

[दृश्य: शेड. लाकडी सीट, टेप, वही.]

तर आमची सीट. आधीच्या ड्रॉइंगमध्ये तिघांचं एक बाकडं होतं आणि एकच लांब दांडा. मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळा बार देऊ. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला: प्रत्येक बारला वेगळा खटका, वेगळा सेन्सर, वाढलेलं वजन, आणि रोज सकाळी तपासायच्या जागा तिप्पट. हिशेब खरा होता. मध्ये मूल बसवू नये असा बोर्ड लावता येईल का, असंही बोलणं निघालं.

फिटरकाका कोपऱ्यात पाना पुसत होते. ते म्हणाले, "अगं पोरी, आई लेकराला मध्येच घेणार. बोर्ड वाचून नाही घेणार, जीव आहे म्हणून घेणार."

मी चतुःशृंगीला गेले ती या वाक्यानंतर. परत आल्यावर वहीतली चित्रं मालकांपुढे ठेवली. तिघांचं बाकडं जाऊन दोघांची सीट आली, मध्ये छोटी उंच कड, आणि दोघांना दोन बार.

मग खरं काम सुरू झालं. मोठ्यांच्या मापांसाठी अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय शरीरमापांची आकडेवारी हाताशी होती. लहान मुलांसाठी मी आमच्या सोसायटीत, आईवडिलांना विचारून, मुलांना पाटावर बसवून मापं घेतली. मांडीची जाडी, पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर. एक मुलगा दर वेळी पोट आत ओढून घ्यायचा.

[दृश्य: रॅचेट चाकाचा क्लोजअप.]

बार खाली येताना खट खट वाजतो, ते या दातेरी चाकामुळे. स्प्रिंगने दाबलेली खीळ, शेडमधल्या भाषेत पॉल, एकेका दातात पडत जाते. खाली यायला मोकळीक, वर जायला बंदी. ७२ दातांच्या चाकात एक दात म्हणजे ५ अंश. बारची लांबी ५०० मिलिमीटर धरली तर टोकाला तो ४४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मूल नशिबाने दोन दातांच्या मध्ये सापडलं तर जवळजवळ तेवढी फट राहणार. दात बारीक केले तर ते ताकदीला कमी पडतात. शेवटी दोन पॉल बसवले, एकमेकांपासून अर्धा दात सरकवून. फट २२ मिलिमीटरवर आली, आणि एक पॉल तुटलाच तर दुसरा अर्ध्या दाताच्या आत धरतो. स्प्रिंग पॉलला नेहमी आत ढकलते. वीज गेली, हवेचा दाब गेला, तरी पॉल आतच राहतो. उघडायलाच जोर लागतो.

माझं पहिलं वेल्डिंग डाय पेनिट्रंट टेस्टमध्ये, म्हणजे रंग लावून बारीक भेगा शोधायच्या चाचणीत, नापास झालं. पांढऱ्या डेव्हलपरवर केसाएवढी लाल रेघ उमटली. काकांनी काही न बोलता तो भाग ग्राइंडर लावून कापला. मी ड्रॉइंग बदललं, कोपऱ्याची गोलाई वाढवली.

पुढच्या महिन्यात गाडी रुळावर चढेल. आधी पाण्याने भरलेले मानवाकृती पुतळे घेऊन, पुन्हा पुन्हा. माणसं त्यानंतर.

[दृश्य: शनिवार दुपार. शेडमध्ये जमिनीवर ठेवलेली एक सीट. काका आणि त्यांची पाच वर्षांची नात.]

आज फक्त ही सीट आहे, जमिनीवर बोल्ट केलेली. काका एका बाजूला बसले, नात दुसऱ्या बाजूला. मी आधी काकांचा बार खाली ओढला. तो नवव्या खटला पोटाशी थांबला. मग नातीचा. नऊ झाले. तो थांबला नाही. दहा, अकरा, बारा, तेरा.

मी बार वर ओढून पाहिला. काकांनीही पाहिला. मग नात म्हणाली, आता मी ओढते, आणि तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

[आवाज: लेथ. मग शांतता.]