थेल्मा रिटर: सहा नॉमिनेशन्स आणि ऑस्कर शून्य

न्यूयॉर्कचं मेसीज दुकान, ख्रिसमसची गर्दी. एक बाई जाम वैतागलीये, कारण तिथल्या सँटाने तिच्या पोराला खेळण्यातला आगीचा बंब कबूल करून टाकलाय आणि ही बिचारी अख्खं शहर पालथं घालून आलीये, बंब कुठेच नाही, पायाचे तुकडे पडायची वेळ आलीये. एवढासाच सीन, टायटल्समध्ये नावसुद्धा नाही, पण लक्षात राहते ती बाई. 'मिरॅकल ऑन थर्टी फोर्थ स्ट्रीट', १९४७.

ही थेल्मा रिटर. पिक्चरमध्ये पहिल्यांदाच, वय ४५. म्हंजे ज्या वयात हॉलिवूड बायकांना घरी बसवतं त्या वयात हिची सुरुवात. जन्म ब्रुकलिनचा, १९०२ सालचा, आणि तो ब्रुकलिनी हेल तिने कधी लपवला नाही, उलट सगळं त्याच्यावरच तर चाललं. आधी नाटकं, मग लग्न, दोन मुलं, नंतर रेडिओ.

१९५० ला 'ऑल अबाउट ईव्ह'. बेटी डेव्हिस यात नाटकातली बडी नटी, आणि तिची खमकी मदतनीस बर्डी म्हंजे थेल्मा. चाहती म्हणून नटीच्या घरात शिरलेल्या गोडगोड ईव्हवर सगळे फिदा, पण पहिला संशय येतो तो बर्डीलाच. आणि मग अर्ध्या पिक्चरनंतर बर्डी गायब! ही माझी जुनी तक्रार आहे.

तिथून सलग चार वर्षं नॉमिनेशन, पुढे १९५९ आणि १९६२ च्या पिक्चर्सना पण, एकूण सहा, आणि ऑस्कर एकही नाही. १९५५ ला तर सोहळ्याचं निवेदन न्यूयॉर्कमधून हिनेच केलं, हॉलिवूडला बॉब होप, इकडे ही. १९५८ ला टोनी, म्हंजे नाटकांचं ऑस्कर, मिळालं, तेही नाटकात सोबत असलेल्या ग्वेन व्हर्डनबरोबर वाटून.

'रिअर विंडो'मध्ये ती नर्स आहे, जेम्स स्ट्युअर्ट नाश्त्याचा घास घेणार तेवढ्यात म्हणते की ज्याच्यावर खुनाचा संशय आहे त्या शेजाऱ्याने बायकोचे तुकडे बाथटबमध्येच केले असणार, रक्त धुवायला बरं पडतं ना. संपला त्याचा नाश्ता. या रोलला नॉमिनेशनच नाही, काय बोलणार!

पण मला विचाराल तर थेल्मा म्हंजे मो. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट', १९५३. टाय विकणारी, पोलिसांना टिप देऊन पैसे साठवणारी म्हातारी, एकच भीती की बेवारस म्हणून पुरतील, म्हणून स्वतःच्या कबरीसाठी पैपै जमवतेय. एका रात्री दमून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते, तर आत पिस्तूलवाला. ती गयावया करत नाही, फक्त दमल्याचं सांगते, गोळी घातलीस तर उपकारच होतील म्हणते. कॅमेरा रेकॉर्डकडे वळतो आणि गोळीचा आवाज.

पुढे तिची शवपेटी बेवारशांच्या दफनभूमीकडे बोटीतून निघालेली असते, तर पिक्चरचा हिरो, एक पाकीटमार, हिच्याच टिपमुळे अडकला होता तो, येऊन ती उतरवून घेतो.