आधी उधारी, मग उजेड

(दृश्य: फ्लॅटचं मुख्य दार. चौकटीच्या वर, जवळजवळ छताला टेकलेलं विजेचं मीटर. खाली लाकडी स्टूल.)

निवेदन:

लेस्टर, इंग्लंड. जानेवारीतली सकाळ. साडेसात वाजून गेलेत, तरी बाहेर काळोख आहे. शेजारच्या काकू स्टूल ओढतात, भिंतीला हात टेकून वर चढतात आणि प्लॅस्टिकची किल्ली मीटरमध्ये घालतात. काकूंचं वय ७२. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यांनी या किल्लीवर २० पौंड भरून आणले होते.

मीटरवर आकडा उमटतो. ४ पौंड.

मग १६ पौंड गेले कुठे? हे प्रीपेमेंट मीटर: आधी पैसे भरायचे, मग वीज. शिल्लक संपली की ते थोडी वीज उसनी देतं, त्याला इमर्जन्सी क्रेडिट म्हणतात. ते १० पौंड टॉप-अप केल्याबरोबर वळते झाले. ५ पौंड गेले जुन्या थकबाकीच्या आठवड्याच्या हप्त्यात. राहिलेला एक पौंड मधल्या दोन दिवसांचा स्थिर आकार. आपल्याकडच्या वीजबिलात असतो तोच, फक्त इथे तो रोज कापला जातो, दिवसाला ५० पेनींच्या आसपास. घरात एकही दिवा लावला नाही तरी कापला जातो. गॅसचं मीटर वेगळं, त्याचं कार्ड वेगळं, त्याची थकबाकीही वेगळी.

म्हणजे २० पौंड भरून हातात वीज आली ४ पौंडांची, तीही थंडीच्या ऐन कडाक्यात.

(दृश्य: टेबलावर पत्रांचा गठ्ठा. काकू चष्मा पुसतात.)

हे मीटर काकूंकडे पहिल्यापासून नव्हतं. आधी साधं मीटर होतं: वीज वापरा, बिल येईल, बिल भरा. ते एवढ्या उंचावर असल्याचा कुणाला त्रासही नव्हता, कारण साध्या मीटरला रोज हात लावायची वेळच येत नाही. मग २०२२ साल आलं. सरासरी घराचं वीज आणि गॅसचं वार्षिक बिल किमतींवरच्या कमाल मर्यादेनुसार १,२७७ पौंड होतं, ते एप्रिलमध्ये १,९७१ वर गेलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने स्वतः भार उचलून ते २,५०० वर थोपवलं. काकूंची दोन-तीन बिलं थकली. कंपनीचं पत्र आलं, त्यात कोर्टाचा उल्लेख होता. काकू घाबरल्या आणि प्रीपेमेंट मीटरला ‘हो’ म्हणाल्या.

ज्यांनी ‘हो’ म्हटलं नाही, त्यांच्या दाराशी काय होत होतं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या देशाने वाचलं. ‘द टाइम्स’चा वार्ताहर ब्रिटिश गॅससाठी काम करणाऱ्या वसुली एजंटांमध्ये सामील झाला होता. लहान मुलं असलेल्या, आजारी माणसं असलेल्या घरांची कुलुपं उघडून ही मीटरं बसवली जात होती. बातमी छापून आल्यावर काही दिवसांतच, ६ फेब्रुवारीला, इंग्लंड आणि वेल्समधल्या दंडाधिकाऱ्यांना, घरात शिरून मीटर बसवायची परवानगी देणारे वॉरंट काढणं थांबवायचा आदेश निघाला. पुढे ऑफजेम या नियामक संस्थेने नियम कडक केले. जबरदस्तीने मीटर बसवायच्या आधी ग्राहकाशी संपर्काचे किमान १० प्रयत्न करायचे. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल, किंवा ७५ किंवा त्याहून जास्त वयाचं माणूस आधाराविना राहत असेल, तर जबरदस्ती करायचीच नाही.

काकू ७२ वर्षांच्या. त्यांना हा नियम लागू होत नव्हता, आणि त्यांनी तर ‘हो’ म्हटलं होतं.

(दृश्य: अंधारलेली खिडकी. समोरच्या इमारतीत दिवे.)

समोरच्या घरातही थकबाकी असू शकते. पण तिथे बिल दरमहा बँकेतून जातं, उन्हाळा-हिवाळा सारखंच. तिथलं कर्ज कागदावर वाढतं, दिवा चालू राहतो. प्रीपेमेंटवाल्याला मात्र हिवाळ्याचा खर्च हिवाळ्यातच भरावा लागतो, वर जुना हप्ता. पैसे संपले की मीटर थांबतं. कुणी येऊन तोडत नाही, त्यामुळे त्याची ‘वीज तोडली’ अशी नोंदही होत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेने हिशेब मांडला होता: पैसे भरता न आल्यामुळे २०२२ या एका वर्षात ३२ लाख माणसांचं मीटर कधी ना कधी बंद पडलं. दर १० सेकंदांना एक माणूस. त्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत दिली, पण जुन्या प्रीपेमेंट मीटरवाल्यांना ती टपालाने, ईमेलने किंवा मेसेजने व्हाउचर पाठवून दिली. त्यातली लाखो व्हाउचर वटलीच नाहीत. मला याचा आजही राग येतो. ज्यांना गरज सगळ्यांत जास्त, त्यांचीच मदत तशीच पडून राहिली.

(दृश्य: काकू फोनवर, स्पीकर चालू.)

काकूंनी कंपनीला फोन केला होता. एकदा नाही, चारदा. दर वेळी एकच उत्तर: आधी कर्ज फेडा, मग मीटर बदलू. दुसऱ्या कंपनीकडे जाऊ का, असं विचारलं तर, कर्ज असताना जाता येत नाही. पूर्ण हिवाळाभर काकूंनी ते खरं मानलं. मीही मानलं.

शेवटी आम्ही सिटिझन्स अॅडव्हाइसच्या खिडकीपाशी गेलो. तिथल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले.

पहिला: “कर्ज किती?”

काकू म्हणाल्या, “आठशे दहा.”

“गॅसचं किती, विजेचं किती?”

गॅसचं ४३०, विजेचं ३८०. इथेच सगळी मेख होती. प्रीपेमेंटवाल्या ग्राहकाला एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंतचं कर्ज सोबत नेता येतं. दोन्ही मिळून नाही, प्रत्येकी. २०१२ पर्यंत ही मर्यादा २०० पौंडांची होती. कर्ज नव्या कंपनीकडे जातं आणि तिथे हप्त्याने फिटतं. हप्ताही माणसाला परवडेल एवढाच लावायचा, हा नियम आहे. ५०० च्या वर गेलात तर जुनी कंपनी अडवू शकते. काकू दोन्हीकडे आत होत्या, आणि हे त्यांना चारपैकी एकाही फोनवर कुणी सांगितलं नाही.

दुसरा प्रश्न: “मीटर कुठे आहे?”

काकूंनी हात वर करून दाखवला.

त्या बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की, प्रीपेमेंट मीटर ग्राहकासाठी सुरक्षित आणि वापरण्याजोगं असलंच पाहिजे. तसं नसेल, तर कंपनीने मीटर खाली आणायला हवं किंवा दुसरी सोय करायला हवी. कर्ज असलं तरीही. ७२ वर्षांच्या बाईने अंधारात स्टूलवर चढायचं, ही सोय नव्हे.

(दृश्य: मीटर बसवणारा कामगार. स्टूल बाजूला सरकवलेलं.)

काकूंनी कंपनी बदलली. नव्या कंपनीने प्रीपेमेंटचंच, पण स्मार्ट मीटर बसवलं. आता टॉप-अप फोनवरून, शिल्लक दाखवणारा छोटा पडदा स्वयंपाकघरात. आठवड्याचा हप्ता ५ वरून ३ पौंडांवर आला. उरलेल्या थकबाकीतला मोठा भाग पुढे एका धर्मादाय निधीने भरला. राहिलेला काकूंनी फेडला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण दर सप्टेंबरला पुण्या-नाशिकहून मुलं शिकायला येतात आणि भाड्याच्या घरात असलीच किल्ली त्यांच्या हातात पडते. त्या किल्लीवर आधीच्या भाडेकरूचं कर्ज असू शकतं. ते तुमचं नाही. पैसे भरायच्या आधी घराचा करार आणि राहायला आल्याची तारीख कंपनीला कळवा, नवी किल्ली मागा.

(दृश्य: काकूंचं स्वयंपाकघर. फोन वाजतो.)

स्मार्ट मीटर साध्या बिलावर आणायला कुणाला घरी यावं लागत नाही, कंपनी ते दुरूनच करते. तसा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पलीकडच्या मुलीला पुन्हा एकदा विचारलं,

“म्हणजे आता आधी वापरायचं, आणि पैसे मग?”