तापाच्या दोन गोळ्या

(दृश्य: पाऊस. वाडीवरचं दुकान, आतला उजेड कमी.)

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरचं हे किराणा दुकान. बिस्किटांच्या बरण्यांमागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली. तिच्यात बाम, खोकल्याच्या गोळ्या, पॅरासिटामॉलच्या पट्ट्या. लावणीचे दिवस आहेत.

"दादा, तापाच्या दोन गोळ्या द्या."

दादा कात्रीने पट्टीच्या दोन गोळ्या कापून देतात. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावरच राहते.

आपल्या कायद्यात बिनचिठ्ठीच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्ग नाही. चिठ्ठी लागत नसली तरी औषध विकायला परवाना लागतो. अपवाद एकच कामाचा: १९४५ च्या औषध नियमांतली अनुसूची 'के'. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम, ग्राइप वॉटर अशी घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात, पण गावाची लोकसंख्या १००० च्या आत हवी, माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडून घेतलेला हवा, आणि वेष्टन न फोडता विकायला हवा. म्हणजे दादांची कात्री तिथेच अडकली. शिवाय ते माल आणतात पेठेतल्या मेडिकलमधून, किरकोळीत.

आणि लोकसंख्या? कोकणातलं गाव डोंगरउतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेलं. कागदावर मोजतात अख्खं गाव. ते हजारापुढे गेलं, की टोकाच्या वाडीवरचा दुकानदारही सवलतीबाहेर, मग मेडिकल कितीही लांब असो. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटात पॅरासिटामॉल मिळतं, पण एका पाकिटात १६ च गोळ्या. तिथे गोळ्या मोजतात. मला तो हिशेब जास्त शहाणा वाटतो.

(दृश्य: तालुक्याची बाजारपेठ. सवलतीच्या पाट्या.)

औषधांच्या दुकानांमधली स्पर्धा बघायची तर इथे. पाटीवर सूट ठळक. पण सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधावर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. त्यातून मोठी सूट निघणार कुठून? ती निघते छापील किंमत मुळातच फुगवलेल्या जेनेरिकमधून. सूट गिऱ्हाइकाला दिसते, खरेदीचा भाव दिसत नाही. पडद्यामागे संघटनाही असतात. कंपनीने नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक वितरक, नेमायचा तर आधी केमिस्ट संघटनेचं ना-हरकत पत्र आणा, या प्रथेबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेला दंड केला होता.

वाडीवर यातलं काही पोचत नाही. तिथे दुकान एकच, भाव दादा सांगतील तो.

मग ही औषधं कुणालाही विकायला खुली करावीत? थांबा. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्याचा ताप लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा, असू शकतो. तिकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे. काजूच्या बागेत जाणाऱ्यांना तो ठाऊक आहे. डेंग्यू आहेच. माकडताप आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, आणि ॲस्पिरिन तो वाढवतं. तेच ॲस्पिरिन अनुसूची 'के'च्या यादीत आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार आत तसाच राहतो, आणि माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो.

यावर नियमांतच एक वाट आहे: नमुना २०-अ चा मर्यादित परवाना. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय विकता येणारी औषधं त्यावर विकता येतात, फार्मासिस्ट ठेवावा लागत नाही, आणि तपासणीला निरीक्षक येऊ शकतो. दादांना विचारलं. म्हणाले, "असा काय असता, ह्या आम्हाला कोणी सांगलाच नाय."