कानटोपीवरची चमकती पट्टी

नमस्कार, श्रोतेहो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमारास आणि तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणारी मंडळी साडेपाचलाच घराबाहेर पडलेली असतात. अंगात स्वेटर, वर शाल, डोक्याला कानटोपी. हे सगळं रंगानं कसं? काळं, गडद निळं, चॉकलेटी. "मळखाऊ रंगच द्या हो," असं गिऱ्हाईक सांगतं. मी शिवणकाम करते, त्यामुळे ही मागणी रोजची ऐकण्यातली. मळ दिसू नये म्हणून निवडलेल्या रंगात अंधारात माणूसही दिसत नाही, एवढंच.

थोडा हिशेब करू. साठच्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. चालवणाऱ्याला काहीतरी दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी पंचवीसेक मीटर पुढे आलेली असते. गडद कपड्यांतला माणूस डिपरच्या उजेडात दिसतो तो साधारण तेवढ्याच अंतरावरून. अंगावर उजेड परत फेकणारी चमकती पट्टी, म्हणजे आपण जिला रेडियम पट्टी म्हणतो ती, लावलेली असेल, तर तो शंभर मीटरच्या पुढूनही दिसतो.

"मी पांढरा सदरा घालतो की," असं आजोबा मंडळी म्हणतात. काळ्यापेक्षा पांढरा बरा, यात वाद नाही. पण पांढरं कापड पडलेला उजेड सगळ्या दिशांना उधळून टाकतं, चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला अगदी थोडा पोचतो. भडक पोपटी आणि नारिंगी जाकिटांचीही गंमत आहे. हे रंग उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून त्यांचा दिसणारा उजेड करतात, म्हणून दिवसा आणि संध्याकाळी झगझगतात. रात्री ते किरणच नसतात, मग ते जाकीट इतर कपड्यांसारखंच.

रेडियम पट्टीचं काम वेगळं. तिच्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक काचेचे मणी असतात आणि त्यांच्यामागे चकचकीत थर. मण्यात शिरलेला उजेड मागच्या थरावर आपटून आला त्याच दिशेनं परत फिरतो. म्हणून हेडलाइटच्या अगदी जवळ ज्याचे डोळे, त्याला पट्टी सर्वांत जास्त चमकताना दिसते. दुचाकीवाल्याला छान दिसते. ट्रक किंवा बसचा चालक दिव्यांपेक्षा बराच उंच बसतो, त्याला थोडी फिकी दिसते. आणि दिव्याशिवाय येणाऱ्या सायकलवाल्याला काहीच दिसत नाही, कारण परत पाठवायला उजेडच नाही. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतात. त्याचा फायदा असा, की तिन्हीसांजेलाही पट्टी कामाला येते.

आता टोपीच का? चमकती जाकिटं बाजारात मिळतात, पण थंडीत त्यावर शाल येते, पाठीवर सॅक येते आणि पट्टी आत गडप. डोक्यावर मात्र टोपीच्या वर काही येत नाही. रस्त्याकडेला गाड्या उभ्या असोत, दुभाजकात झुडपं वाढलेली असोत, डोकं त्यांच्या वर असतं. पट्टी चौफेर शिवली तर कुठल्याही बाजूनं दिसते.

पण नुसत्या टोपीवर भिस्त ठेवू नका. डिपरचा झोत खाली रस्त्यावर असतो, त्यातला जोरदार उजेड साधारण तुमच्या गुडघ्यापर्यंतच पोचतो. म्हणून एक पट्टी पायाच्या घोट्याशीही हवी. शिवाय वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले, की समोर माणूस चालतोय हे चालकाला लगेच उमगतं. फिनलंड आणि एस्टोनियात तर अंधारात चालणाऱ्यानं असा रिफ्लेक्टर लावावा असा कायदाच आहे.

हेल्मेट म्हटलं की पुण्यात सभा भरते, तेव्हा तो विषय एका वाक्यात उरकते: घालत असाल तर मागच्या बाजूला पट्टी चिकटवा.

शिवायचं कसं ते सांगते, कारण इथेच बिघडतं. रविवार पेठेत शिवणसामानाच्या दुकानांत कापडी पट्टी मागा. गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवतात ती स्टिकरची नको, टोपी दोनदा घडी केली की तिला भेगा जातात. विणलेली कानटोपी ताणते, पट्टी ताणत नाही. सलग गोल शिवलीत तर टोपी डोक्यात जाणार नाही, गेलीच तर टाके तुटतील. म्हणून दोन-दोन इंचांचे तुकडे कापा, मध्ये बोटभर जागा सोडा, टोपी एखाद्या पातेल्यावर चढवून थोडी ताणून घ्या आणि मग हातानं शिवा. मशीनवर टीप मारायची तर टाका लांब ठेवा. बारीक टाक्यांनी पट्टीला इतकी भोकं पडतात, की ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटून येते. इस्त्री फिरवू नका. टोपी धुताना ब्रश नको, मणी निघून जातात.

झाली की तपासा. खोलीत अंधार करा, टोपी दूर ठेवा, मोबाइलचा टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. कमरेशी धरून बघणारे बरेच, आणि मग म्हणतात, चमकत नाही.

पावसाळ्याचं गणित निराळं आहे. उघड्या मण्यांची पट्टी भिजली की पाण्याच्या थरामुळे उजेड नीट परत फिरत नाही आणि ती मंद पडते. रेनकोटच्या टोपीवर म्हणून प्लॅस्टिकच्या आवरणाची, आत बारीक चौकटींची नक्षी दिसणारी पट्टी लावा. ती ओली झाली तरी चमकते. रेनकोटवर सुई मात्र चालवू नका, भोकातून पाणी आत येतं. तिथे मागून गोंद असलेलीच घ्या आणि रेनकोट कोरडा असताना, कडा दाबून चिकटवा.