कीबोर्डची फट बुजवायची कशी?

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं.

काल रात्री या व्याख्यानाची तयारी म्हणून मी आमच्या ऑफिसातला अकाउंट्सच्या टेबलावरचा कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा धरून चांगला चारपाच वेळा आपटला. चिवड्यातले पोहे पडले, मोहरी पडली, स्टेपलरच्या पिना, नखं, आणि औषधाची एक अर्धी गोळी, जी कुणाची ते आज सकाळपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. हसू नका, तुमच्याकडचाही असाच असणार. आणि हे सगळं राहतं कुठे, तर दोन कीजच्या मधल्या फटीत, जिथे ना फडका जातो ना बोट, ब्रश घातला तर घाण अजून आत ढकलली जाते. म्हणून कीबोर्ड साफ करायला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी येतंच की हे सगळं सपाट का नाही करत, पाटीसारखं, एक हात मारला की झालं.

माझ्या डोक्यात तर ते यायलाच हवं होतं कारण माझा धंदाच तो. भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, मेंब्रेन कीपॅड बनवतो. नाव अवघड वाटलं तरी वस्तू तुम्ही रोज बघता. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्याला गुळाचे हात लागतात, बेसन उडतं, तेल लागतं, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला की परत स्वच्छ. त्याच्यावरची बटनं म्हणजे वरून एक छापील शीट आणि तिच्याखाली तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीच्या शाईने सर्किट छापलेलं, मधल्या थराला नुसती भोकं. तुम्ही दाबता तेव्हा वरचा थर भोकातून खाली टेकतो, सर्किट जुळतं, सोडलं की परत वर. अक्षरं शीटच्या मागच्या बाजूने छापतात, म्हणजे कितीही स्पिरिट चोळा, ती जात नाहीत कारण तुमचा फडका त्यांना लागतच नाही. आणि गंमत अशी की चारी कडा पक्क्या बंद केल्या तर दाबल्यावर आतली हवा कुठे जाणार? म्हणून मधल्या थरात एका बटनापासून दुसऱ्या बटनापर्यंत बारीक नाल्या कापायच्या, हवा आतल्या आत फिरते. बाहेर सोडली तर त्याच वाटेनं पाणी आत येणार. या नाल्यांच्या मागे माझी उमेदीची तीन वर्षं गेली पण तो विषय काढला तर आज जेवायला घरी पोचणार नाही कुणी.

तर काही वर्षांपूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी विचारलं, काउंटरसाठी अख्खा कीबोर्ड असा करून द्याल का, रक्ताच्या नळ्या हाताळलेले हातच आमच्याकडे कीबोर्डवर जातात. मी म्हटलं त्यात काय, सोळा बटनांच्या जागी शंभर. केला. इतका देखणा झाला की फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. दहा दिवसांनी गेलो तर माझा कीबोर्ड फायलींच्या गठ्ठ्याखाली, आणि काउंटरवर जुनाच, वरून पारदर्शक पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारलेली. तिथली मुलगी म्हणाली, "काका, तुमचा चांगलाय, पण तो बघून टाइप करावा लागतो. मी पेशंटकडे बघू का कीबोर्डकडे?"

मी तिथेच बाकावर बसून तिचे हात बघत राहिलो, पंधरावीस मिनिटं, तिला विचित्रच वाटलं असेल. ती नाव विचारतेय, वय विचारतेय, आणि बोटं आपली आपण चाललीयेत. फोन घ्यायला हात उचलला की परत येताना दोन्ही तर्जन्या जरा चाचपतात, एफ आणि जेच्या कीवर तो बारीक उंचवटा असतो ना, तो लागला की गाडी पुढे सुरू. बोट चुकून दोन कीजच्या मधे पडलं तर कड टोचते, बोट स्वतःच सरकतं. म्हणजे ज्या फटीत पोहे अडकतात तीच फट बोटाला सांगतेय की बाबा इथे एक की संपली आणि इथून दुसरी. मी घाणीची जागा बुजवायला गेलो आणि तिची पायवाटच बुजवून आलो.

हा खड्डा माझ्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांनी बघितलाय. अमेरिकेत १९७९ साली अटारी ४०० हा घरगुती कॉम्प्युटर आला, लहान मुलं काहीबाही सांडणार म्हणून पूर्ण सपाट मेंब्रेन कीबोर्ड, आणि बोटाला काही कळत नाही तर निदान कानाला कळू दे म्हणून आतल्या स्पीकरमधून टकटक आवाज. इंग्लंडमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स ८१ आला १९८१ मध्ये, तयार मशीन ७० पौंडांना पाच पेन्स कमी, तिथे सपाट असण्याचं कारण स्वच्छता नाही, स्वस्ताई. त्यात पी दाबला की अख्खा प्रिंट हा शब्द उमटायचा. मेमरी वाचायची हे खरंच, पण त्या कीबोर्डवर शब्द अक्षर अक्षर मारत बसायची शिक्षाही वाचायची असं मला कायम वाटतं.

यापेक्षा अवघड भानगड पुढे आहे. साध्या कीला खाली जायला साधारण ५०-६० ग्रॅम जोर लागतो, त्यामुळे तुम्ही आठही बोटं कीजवर आरामात टेकवून विचार करत बसू शकता. टचस्क्रीनसारख्या काचेवर नुसतं टेकवलं म्हणजे उमटलं. मग माणूस हात अधांतरी धरतो, आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचा संशोधक होता, टायपिंगने स्वतःचेच हात दुखायचे म्हणून तो यात पडला, आणि त्यानं जॉन एलियस यांच्याबरोबर फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. त्यांच्या टचस्ट्रीम कीबोर्डला दाबायला जोरच लागत नसे, आणि सगळी बोटं एकदम टेकली तर हा माणूस आराम करतोय असं तो समजून घ्यायचा. २००५ मध्ये ॲपलनं ती कंपनी विकत घेतली, कीबोर्ड बंद झाला, आणि ती बहुस्पर्शाची विद्या आपल्या सगळ्यांच्या खिशात आली. कॅनडातल्या क्लीनकीजवाल्यांनी अजून एक युक्ती काढली, स्पर्श कळणाऱ्या सेन्सरच्या जोडीला ठोका कळणारे सेन्सर बसवले, बोट नुसतं टेकलंय का टपली मारलीय ते वेगळं करता आलं. दवाखान्यांसाठीच होता तो. मला ही कल्पना सगळ्यात आवडते कारण आपण तबल्यावर हात ठेवतो तेव्हा तबला वाजत नाही.

फोनवर कसं चालतं मग, असं आत्ताच कुणीतरी पुटपुटलं. फोनवर अक्षरं आणि की एकमेकांना चिकटून असतात हो, डोळा बोटाचं काम करतो. शिवाय २००७ च्या पहिल्या आयफोनपासून पुढचं अक्षर कुठलं येणार याचा अंदाज घेऊन त्या कीची जागा आतल्या आत मोठी होते, तुम्हाला दिसत नाही. टेबलावर स्क्रीन कुठे, कीबोर्ड कुठे. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये सरफेस या टॅबलेटबरोबर तीन मिलिमीटर जाडीचा सपाट कीबोर्ड काढला, टच कव्हर नावाचा, दाब ओळखणारा, पण २०१४ च्या सरफेस प्रो ३ बरोबर फक्त खऱ्या कीजवालाच दिला.

आता स्वच्छतेचं. सपाट केलं म्हणजे माणूस पुसतो हा दुसरा गोड गैरसमज, मला वाटतं नुसत्या सपाटपणाची किंमत तिथे शून्य होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले सूक्ष्मजीवतज्ज्ञ पीटर विल्सन यांनी यावर काम केलंय. त्यांचा कीबोर्ड पुसायला सोपा तर होताच, पण ठरावीक वेळ झाला की त्याच्यावर दिवा लागायचा, मला पुसा म्हणून. तो मेडिजेनिक नावानं बाजारातही आला. दिव्याचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, आमच्या घरी वॉटर फिल्टरचा दिवा लागल्याशिवाय कुणी कँडल बदलत नाही.

आणि आपली मराठी. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं ठरवलेला इनस्क्रिप्ट, म्हणजे आपल्या लिप्यांसाठी कुठल्या कीवर कुठलं अक्षर याचा आराखडा, तो वापरणारे इथे असतील, हात वर करा... बरेच आहेत की. तर त्यात डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पाय मोडायचा हलन्त डीच्या कीवर आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या एफवर. तुम्हाला 'त्या' लिहायचंय, म्हणजे त, हलन्त, य, काना. डावं बोट एक की सरकलं, १९ मिलिमीटर फक्त, की झालं 'तिया'. दुसऱ्या बाजूला सरकलं तर 'तेया'. इंग्रजीत असली घसरण स्पेलचेक सावरून घेतो, आपल्याकडे बहुतेकदा ते तिया तसंच प्रिंट होऊन पेशंटच्या हातात जातं. म्हणून मराठी टाइप करणाऱ्याला सपाट कीबोर्ड जास्त महाग पडतो.

मग आम्ही केलं काय, तर फटीच्या जागी उतार दिला. प्रत्येक की शीटमध्येच जराशी फुगवायची, एक मिलिमीटरच्या आसपास, आणि मधे जी दरी होते तिचा तळ इतका रुंद ठेवायचा की फडक्यात गुंडाळलेलं बोट तळाला टेकलं पाहिजे. हे माप मी माझ्या बोटानं ठरवलं होतं, मग लॅबमधल्या मावशींच्या बोटानं बदललं कारण पुसणार त्या. एफ आणि जेवर टिंब. खाली एकेक धातूची छोटी वाटी, दाबली की टक्क होते. आणि वर कोपऱ्यात पुसताना दाबायचं एक लॉकचं बटन, हे आधी सुचलं नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मावशींनी फडका मारला आणि एका आजोबांच्या नावापुढे दीड ओळ भरून काहीतरी उमटलं.

सपाट नाहीये तो, हे मान्य. पण काउंटरवर टिकलाय.

बरं, हा घ्या, पुढच्या रांगेपासून फिरवा, डोळे मिटून 'त्या' मारून बघा. आणि हा दुसरा, एका किराणा दुकानातून बदलून आणलेला काट्याचा कीपॅड, सात वर्षं चाललेला. टेअरच्या, म्हणजे भांड्याचं वजन वजा करायच्या बटनाला अंगठ्यानं भोक पडलंय बघा, बाकीची बटनं कोरी करकरीत.